‘ताई, मी त्यांचा हात ओढला’

मुलुंडहून आलेलं हे पत्र. ओळख पटेल असं सगळं काढून आणि थोडं कमी करून देते आहे.

“ताई, मी ४९ वर्षांची आहे. दादरला एका सहकारी बँकेत नोकरी करते. वन बीएचकेमध्ये आम्ही चौघं: मी, नवरा, बारावीला असलेली मुलगी आणि ८२ वर्षांच्या सासूबाई. तीन वर्षांपूर्वी त्यांना डिमेन्शिया असल्याचं कळलं. गेल्या दिवाळीनंतर त्या बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. सकाळी आठ ते रात्री आठ त्यांना सांभाळायला ब्यूरोची (अशा बायका पुरवणाऱ्या एजन्सीची) मावशी येते. रात्र माझी. नवऱ्याची विमानतळावर शिफ्ट ड्यूटी. नणंद डोंबिवलीला असते, रोज फोन करून ‘आईला नाचणीचं सत्त्व दिलंस ना?’ असं विचारते.

गेल्या मंगळवारी रात्री त्या तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा पावणेतीन वाजले होते. ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराची कडी काढत होत्या. मी दोनदा समजावलं. मग ओरडले आणि त्यांचा हात धरून जोरात ओढला. सकाळी मनगट काळंनिळं. मावशीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, दारावर आपटला असेल. ताई, माझ्या बाळंतपणात सव्वा महिना या बाईनं मला तेल लावलं, शेकलं, माझी आई नव्हती तर तिची उणीव भासू दिली नाही. आणि मी हे केलं. मी वाईट आहे का? सगळे सांगतात योगा कर, स्वतःसाठी वेळ काढ. कुठून काढू?”

तुम्ही वाईट नाही. जे झालं ते मात्र व्हायला नको होतं, आणि ते तुम्हाला माझ्याआधी कळलंय. मी २६ वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात समाजसेवा विभागात होते. माझ्या टेबलासमोर बसून, आवाज खाली करून, हेच सांगणारी कितीतरी माणसं मी पाहिली. सुना होत्या, मुलगे होते, बायकोचं सगळं करणारे सत्तरीतले नवरेही होते. प्रेम आटलंय असं त्यांतल्या क्वचितच कुणाबद्दल वाटलं. झोप मात्र सगळ्यांचीच संपलेली असायची. बहुतेकांच्या हकिकतीत घड्याळ रात्री एक ते चारच्या मध्येच कुठेतरी असायचं. घरी रुग्णाचं करणाऱ्यांवर किती ताण आहे हे मोजायला जगभर झॅरिट या संशोधकांची २२ प्रश्नांची यादी वापरतात. त्यात, रुग्णाजवळ असताना तुम्हाला राग येतो का, असा सरळ प्रश्न आहे. राग येतो हे गृहीत धरूनच तो विचारलेला आहे.

आधी मनगटाचं बघा. बोटं हलवताना, वाटी धरताना त्या हात मागे घेतात का? सूज आहे का? तसं असेल तर एक्स-रे काढून घ्या, दुखतंय हे त्यांना सांगता येणार नाही. या वयात कातडी कागदासारखी पातळ होते, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर थोड्या दाबानंही मोठा डाग उठतो. म्हणून तो दिसतो त्यापेक्षा कमी गंभीर असू शकतो. पण डॉक्टरांना कारण खरं सांगा.

आणि घरातही खरं सांगा, आजच. नवऱ्याला सांगा आणि मावशीलाही. ‘दारावर आपटला’ हे वाक्य तुमच्या घरात एक दिवस भलतीकडेच जाईल. रविवारी नणंद येईल, हात बघेल, आणि तिच्या मनात पहिला संशय येईल तो मावशीवर. त्या बाईची नोकरी जाईल, तुमचा दिवस कोलमडेल, आणि तुम्हाला गप्प बसावं लागेल. माझ्यासमोर असं एक घर मोडलेलं मी पाहिलंय. ‘रात्री मी दमले होते, मी हात ओढला, पुन्हा तसं होऊ नये म्हणून मला रात्रीची सोबत हवी’, एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. नवऱ्याला यातून तुमची चूक कळेल, आणि गेले कित्येक महिने रात्री घरात काय चाललंय हेही कदाचित पहिल्यांदाच कळेल.

आता ते दार. ‘मला घरी जायचंय’ हे ऐकलं की आपण सांगायला जातो, ‘अहो आई, हेच तुमचं घर, तीस वर्षं राहताय.’ त्यांना हे पटत नाही, कारण त्या ज्या घराबद्दल बोलतायत ते हे नाहीच. ते माहेर असेल, लग्नानंतरची चाळीतली खोली असेल, किंवा नुसतीच जिवाला स्वस्थ वाटायची एखादी जागा असेल. वाद घातला की त्या हट्टाला पेटतात आणि आपण रागाला. त्याऐवजी ‘हो, जाऊ. बाहेर अंधार आहे, घोटभर पाणी पिऊन निघू’ म्हणा. बसवा. ‘घरी कोण कोण असेल आत्ता?’ असं विचारा. अंगणाचं, विहिरीचं, भावंडांचं बोलू द्या. लालबागच्या एका चाळीतला मुलगा मला आठवतो. आई रोज तिन्हीसांजेला दोन लुगडी पिशवीत भरून निघायची. तो तिची पिशवी घ्यायचा, तिला गॅलरीच्या टोकाच्या नळापर्यंत चालवत न्यायचा, वळवायचा आणि आपल्याच दारात आणून म्हणायचा, ‘आलो बघ घरी.’ ती चपला काढून आत यायची. दोन वर्षं त्यानं हे केलं. तो कापड गिरणीतून बेकार झालेला माणूस होता, कुणी त्याला हे शिकवलं नव्हतं.

दाराची कडी हाताच्या उंचीवर असेल तर सुताराकडून आणखी एक अगदी वर लावून घ्या. आतून दारावर भिंतीच्याच रंगाचा पडदा सोडा, दार नजरेला पडलं नाही तर बाहेर जायची ओढ बरीच कमी होते. वॉकरला दोन घुंगरं बांधा. हा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण तो तुमच्यासाठी आहे. सध्या तुम्ही झोपता तेव्हाही एक कान जागा ठेवून झोपता. घुंगरू वाजलं की जाग येणार आहे हे एकदा मनाला पटलं की तो कान जरा विसावतो. गाउनच्या आतून फोन नंबर लिहिलेली कापडी पट्टी शिवून टाका. आणि त्यांना घरात एकटं ठेवून बाहेरून कुलूप लावून कधीही जाऊ नका, अगदी खाली दूध आणायलासुद्धा.

पुन्हा हात उचलावासा वाटला, किंवा आवाज चढतोय असं जाणवलं, तर त्यांना बसवा आणि स्वयंपाकघरात जा. नळ सोडून मनगटावर पाणी घ्या. दोन मिनिटं त्या बडबडत बसल्या तरी काही बिघडत नाही.

पण हे सगळं तिसऱ्यांदा उठल्यावरचं. त्या तिसऱ्यांदा उठतातच का, हे शोधायला हवं. आपण कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितो ना, तसं पाच रात्री लिहा: किती वाजता उठल्या, लघवीला गेल्या का, कूस बदलताना कण्हल्या का, दुपारी किती झोपल्या होत्या. कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘रात्री झोपत नाहीत’ असं तोंडी सांगितलं तर झोपेची गोळी लिहून मिळते, कागद दाखवला तर तपासणी होते. लघवीची गोळी संध्याकाळी दिली जात असेल तर तिची वेळ सकाळची करता येते का, हे त्यांनाच विचारा. खुब्याचं दुखणं रात्री वाढत असेल. पोट साफ होत नसेल. आणि हे नीट लक्षात ठेवा: डिमेन्शिया असलेलं माणूस दोन-तीन दिवसांत अचानक फार गोंधळलं, भलतंच बोलू लागलं, तर बऱ्याचदा मागे लघवीचा संसर्ग असतो. ताप नसतानाही असतो. साध्या तपासणीत कळतो, औषधानं उतरतो. ‘आजार वाढला’ असं समजून घरं महिनोन्महिने तो त्रास काढतात. झोपेची किंवा सर्दीची गोळी मात्र स्वतःच्या मनानं देऊ नका. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांनी अशा माणसांचा गोंधळ वाढतो आणि तोल जातो.

दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणायला मावशीला सांगा. चारनंतर चहा नको. दिवेलागणीची वाट न बघता साडेपाचलाच घरातले दिवे लावा. सावल्या लांबल्या की यांचा जीव कासावीस होतो, आणि संध्याकाळी चढलेली ती कासाविशी रात्रीपर्यंत उतरत नाही.

आता तुमच्या झोपेबद्दल. आठवड्यातल्या सातही रात्री तुमच्या, हे चालणार नाही. तुमच्या जागी कितीही गुणी, कितीही धडधाकट बाई असती तरी चाललं नसतं. तीन रात्री दुसऱ्या कुणाच्या तरी हव्यात. नवऱ्याला नाइट नसेल त्यातल्या दोन त्याच्या. एक नणंदेची, किंवा पैशांचं जमत असेल तर ब्यूरोकडून आठवड्यातून एक रात्रपाळी. आणि त्या तीन रात्री तुम्ही हॉलमध्ये झोपायचं नाही. आतल्या खोलीत, मुलीजवळ, दार लावून.

हे मी अनुभवानं सांगते. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा आम्ही गिरगावात दोन खोल्यांत होतो. भाऊ म्हणाला, चार दिवस रात्र मी बघतो. बघितलीही त्यानं. पण मी त्याच खोलीत, दोन हातांवर पडलेली. वडील खोकले की मी उठून बसायची, भाऊ म्हणायचा, ‘अगं झोप ना.’ तीन रात्री त्याचीही झोप गेली आणि माझीही. चौथ्या रात्री शेजारच्या काकूंनी मला दटावून त्यांच्या खोलीत नेलं, माळ्यावर अंथरूण घातलं. सकाळी नऊला उठले. उठल्यावर मला पहिल्यांदा चहाची चव लागली, हे आजही आठवतं.

आता नणंदेकडे येते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त थकवा त्या नाचणीच्या सत्त्वात दिसला.

तुम्ही दमता ते उचलण्या-बसवण्यानं, पण त्याहून जास्त डोक्यातल्या हिशेबानं. गोळ्या किती उरल्या, फिजिओची तारीख कधी, डायपरचं पाकीट संपत आलंय, मावशी परवा सुट्टी मागणार आहे. हा हिशेब बँकेच्या काउंटरवर बसूनही चालूच असतो. आणि घरात कुणी ‘काही मदत लागली तर सांग हं’ म्हणालं तरी तो तुमच्याच डोक्यात राहतो, कारण काय हवं, कधी हवं, कुणाला सांगायचं हे तुम्हीच आठवायचं. त्यानं भार हलका होत नाही. म्हणून सुटं सुटं काम देऊ नका, अख्खं खातं देऊन टाका, आठवण ठेवण्यासकट.

औषधांचं खातं नणंदेला द्या. डॉक्टरांची चिठ्ठी तिच्याकडे, केमिस्टचा नंबर तिच्याकडे. आपल्याकडे केमिस्ट व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठीचा फोटो पाठवला की घरपोच देतो, पैसे ती डोंबिवलीहूनच यूपीआयनं भरेल. शनिवारी मुक्कामाला येईल तेव्हा सात दिवसांच्या डबीत गोळ्या तीच भरेल. गोळ्या संपल्या तर फोन तिला जाईल. डॉक्टरांच्या तारखाही तिनंच घ्यायच्या, आणि दोनातल्या एका तारखेला तिनंच न्यायचं. रोज फोन करणारी मुलगी आहे ती, आईची तिला काळजी आहे. त्या काळजीला आज हातात धरायला काही नाही म्हणून ती सत्त्वाचं विचारते. काम दिलं की विचारणं बदलतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

आणि हे तिला तुम्ही सांगायचं नाही, तुमच्या नवऱ्यानं सांगायचं. आई त्यांची आहे. वहिनीनं म्हटलं की ती तक्रार होते, भावानं म्हटलं की ती वाटणी होते. त्याला शब्द सुचत नसतील तर हे द्या: ‘ताई, आईची औषधं आणि डॉक्टर हे यापुढे तू बघ. शनिवारची रात्र इथे राहा. हिची तब्येत बिघडत चाललीय, आणि हिला काही झालं तर आईला बघायला कुणी नाही.’ शेवटचं वाक्य गाळू देऊ नका.

नवऱ्याचं खातं वेगळं: मावशी, ब्यूरो आणि पैसे. मावशी आली नाही तर सकाळी साडेसातला ब्यूरोला फोन त्यानं करायचा, बँकेत उशिरा येते असं तुम्ही कळवायचं नाही. ब्यूरोकडून ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी झाली आहे का हेही त्यानं बघायचं. सुरुवातीला तो विसरेल. एखादा दिवस डायपर संपेल. त्या वेळी धावत जाऊन आणू नका, त्यालाच आणू द्या, रात्री दहाला का होईना. हे तुम्हाला फार जड जाईल, पण पहिले तीन आठवडे धीर धरा.

मुलीला यातून पूर्ण बाहेर ठेवताय असं पत्रावरून वाटलं. रात्र तिला देऊ नका, बारावीचं वर्ष आहे. पण संध्याकाळी वीस मिनिटं आजीजवळ बसून तिच्याबरोबर शेंगा सोलणं, जुने फोटो बघणं, पाठ असलेला एखादा अभंग म्हणणं एवढं तिला जमेल. आजीला कालचं आठवणार नाही, अभंग आठवेल. जुनं पाठांतर बरंच उशिरापर्यंत टिकतं. तेवढ्यात तुम्ही पाय वर करून बसा. भाजी निवडायला नाही.

आता काही कामं सरळ कमी करा. अंघोळ रोज हवीच असं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा नीट अंघोळ, बाकी दिवशी कोमट पाण्यात पंचा पिळून अंग पुसणं पुरतं. लघवी-शीची जागा मात्र रोज स्वच्छ. आपल्या घरांत ‘अंघोळ नाही म्हणजे पारोसं’ हे इतकं मनात बसलेलं असतं की त्यापायी सकाळी सातला भांडण होतं आणि दिवस तिथेच नासतो. अंघोळीला उंच प्लास्टिकचं स्टूल, भिंतीला धरायला दांडा, पायाखाली न घसरणारी चटई, आणि पाणी डोक्यावरून न घेता आधी पायांवर. डोक्यावर एकदम पाणी आलं की त्या घाबरतात आणि मारायला उठतात.

त्यांना उठवताना काखेत हात घालून वर ओढू नका. त्यांचा खांदा दुखावतो, तुमची कंबर जाते. त्यांचे पाय जमिनीवर टेकलेले, पावलं थोडी मागे, अंग पुढे झुकलेलं, तुमचा आधार कमरेला, तुमचे गुडघे वाकलेले आणि पाठ सरळ. एकदा फिजिओथेरपिस्टला घरी बोलवून मावशी, तुम्ही आणि नवरा तिघांनीही शिकून घ्या. हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्र सरकारची मोठी संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथेही वॉकरची उंची बरोबर आहे का इथपासून सगळं तपासून मिळतं.

मावशीबद्दल थोडं. ती बारा तास त्याच माणसाबरोबर, त्याच खोलीत, त्याच प्रश्नांना उत्तरं देत असते. तिलाही वैताग येतो. आठवड्याची सुट्टी ठरलेली द्या, ती कधी आहे हे आधीच माहीत असू द्या. दिवसभराचं काय-कधी हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा, म्हणजे बदली बाई आली तरी तुम्हाला दादरहून फोनवर घर चालवावं लागणार नाही.

आणि आता तुमचा प्रश्न: वेळ कुठून काढू? तो वेळ तुमच्याकडे आहे, पण तुम्ही तो देऊन टाकलाय. मुलुंड ते दादर. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, जे मी वर छापलं नाही, की ब्यूरोचे, केमिस्टचे, नणंदेचे सगळे फोन तुम्ही गाडीत उरकता. वर दिलेली खाती एकदा दुसऱ्यांकडे गेली की ते फोन संपतात. मग जातायेता ती गाडी तुमची. लेडीज डब्यात बायका भाजी निवडतात, हरिपाठ म्हणतात, उभ्या उभ्या डुलक्या काढतात, आणि कितीतरी जणी तोंडाला पदर लावून रडतातही, कुणी विचारत नाही. तुम्हाला जे हवं ते करा. फक्त भांडुप यायच्या आत फोन पर्समध्ये, दादर येईपर्यंत बाहेर नाही. खरी तातडी असेल तर मावशी नवऱ्याला फोन करेल, हेही त्या फ्रिजवरच्या कागदावर लिहा, त्याचा नंबर पहिला.

परत आल्यावर स्टेशनवरून थेट घरी जाऊ नका. मावशी आठपर्यंत आहे. संभाजी मैदानाला दोन फेऱ्या मारा, पंधरा-वीस मिनिटं. त्याला व्यायाम म्हणा किंवा म्हणू नका. महिन्यातून एका रविवारी कालिदासला नाटक बघा, मैत्रिणीबरोबर, तिकीट आधी काढून. आधी काढलं तरच जाल.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण पैशांची काळजीही रात्री जागवते. सासूबाईंचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातल्या उपचारांसाठी ते मिळतं. आधार कार्ड लागतं. रुग्णालय योजनेच्या यादीत आहे ना हे आधी बघायचं. घरचं औषधपाणी किंवा मावशीचा पगार त्यात येत नाही. त्यांचा आरोग्य विमा नसेल तर त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चावर जुन्या करप्रणालीत ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, पण ती मुलाला किंवा मुलीला मिळते, सुनेला नाही, आणि रोख दिलेले पैसे धरत नाहीत. तेव्हा ही बिलं नवऱ्याच्या किंवा नणंदेच्या बँक खात्यातून जाऊ द्या, तुमच्या नाही. सासऱ्यांचं निवृत्तिवेतन त्यांना मिळत असेल तर नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना वॉकरसह बँकेत नेऊ नका. फोनवर चेहरा दाखवून तो घरबसल्या होतो, पोस्टमनही घरी येऊन करून देतो. हे खातंही नवऱ्याचं.

डिमेन्शियाच्या घरात काय चालतं हे अशाच घरातलं माणूस समजू शकतं. १९९२ साली स्थापन झालेल्या एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) या डिमेन्शियासाठी काम करणाऱ्या संस्थेची मुंबईत शाखा आहे. अशा संस्थांकडे रुग्णांच्या घरच्यांच्या बैठकांची चौकशी करा. पहिल्यांदा नवऱ्याला पाठवा, मग तुम्ही जा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पावणेतीनला दारात उभं राहून सगळं अंगावर येईल, तेव्हा तो लावायचा. सलग दोन आठवडे कशातच जीव रमेनासा झाला, जेवण जाईना, ‘मी नसते तर बरं’ किंवा ‘हे एकदाचं संपू दे’ असं वारंवार मनात येऊ लागलं, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि तुमचा स्वतःचा बीपी, साखर, थायरॉइड? पत्रात सासूबाईंच्या सगळ्या तपासण्यांचे आकडे आहेत, तुमचा एकही नाही.

हे सारं एका आठवड्यात करू नका. या आठवड्यात फक्त तीन गोष्टी: नवऱ्याशी बोलणं, घुंगरं, आणि शनिवारच्या रात्रीला नणंद. ती आली की पिशवी घेऊन आतल्या खोलीत जा आणि दार लावा. बाहेर काहीही वाजलं तरी.

मनगटावरचा डाग आधी हिरवट, मग पिवळा होत जाईल. तो पुरता जायला दोन आठवडे लागतील. कोरडी कातडी पटकन फाटते, तेव्हा रोज रात्री झोपण्याआधी त्यांच्या हातांना खोबरेल तेल लावत जा, डागावर न चोळता, बाजूनं, हलक्या हातानं. पाच मिनिटांचं काम आहे. त्या तेव्हा काही बोलल्या, तर मला लिहा.